जर्मलचा टोप आणि उरलेला लाल चिखल

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी आजीचा टोप खराब केला.

टोप जर्मलचा. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला अजूनही जर्मल म्हणतात. कुणाकडे जर्मन म्हणतात. आजीनं तो मला नोकरीसाठी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा दिला होता. दूध तापवायला. मी दूध ठेवलं, लॅपटॉपवर एक बग शोधत बसले आणि दूध उतू जाऊन बुडाला करपलं. घासून निघेना. मग एक रील आठवलं. त्यात करपलेल्या भांड्यात ड्रेन क्लीनरची पावडर आणि गरम पाणी घालून ठेवायला सांगितलं होतं. ते रील स्टीलच्या भांड्याचं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पाणी घालताच टोप उकळायला लागला. गॅस बंद होता, तरी उकळायला लागला. बारीक बुडबुड्यांचा फेस वर आला, घशाला झोंबणारा धूर निघाला, टोपाचा कान हात लावू नये इतका तापला. मी खिडकी उघडली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. (हे कुणी करून बघू नका. तो गॅस हायड्रोजन असतो, आणि उडणारे तुषार डोळ्यात गेले तर डोळा जाऊ शकतो.) अर्ध्या तासानं सगळं शांत झाल्यावर पाणी सिंकमध्ये ओतलं. करपलेलं निघालं होतं. पण आतून टोप काळपट झाला होता आणि बोट फिरवलं की बोटाला काजळीसारखं काहीतरी लागत होतं.

आजीला फोन केला. ती राधानगरीच्या बाजूला, डोंगराखालच्या एका वाडीत राहते.

“अगं बया, जर्मलच्या टोपात घालतंय का कुणी असलं?”

“आता काय करू?”

“चिंच घालून उकळ. निघंल तेवढं निघंल.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि ते पानी कुठं वतलंस?”

“सिंकमध्ये.”

“म्हंजे कुठं?”

याचं उत्तर मला देता आलं नाही. रात्री मी शोधायला बसले ते टोप काळा का झाला हे. पण जिथं पोचले तिथं आजीचाच प्रश्न माझ्या आधी येऊन बसला होता.

दोन्हीकडून विरघळणारा

दहावीला आपण सगळे हे शिकलो आहोत. धातूंची ऑक्साइडं सहसा आम्लात विरघळतात. लोखंडाचा गंज लिंबानं निघतो, तांब्यापितळेची भांडी चिंचेनं लखलखतात. अल्कलीचा, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थाचा, या ऑक्साइडांवर सहसा परिणाम होत नाही. गंजलेला खिळा कॉस्टिकमध्ये टाकला तरी गंज जागचा हलत नाही.

काही ऑक्साइडं मात्र दोन्हीकडून विरघळतात. जस्ताचं, शिशाचं, कथिलाचं आणि ॲल्युमिनियमचं. पुस्तकात त्यांना उभयधर्मी ऑक्साइड म्हटलं होतं. मी तो शब्द ‘व्याख्या लिहा’साठी पाठ केला आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरले. कॉस्टिकच्या तीव्र द्रावणात ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांना हायड्रॉक्साइड आयन चारी बाजूंनी धरतात आणि त्याचं पाण्यात राहू शकणारं ॲल्युमिनेट बनतं. लोखंडाच्या ऑक्साइडबरोबर हे जवळजवळ घडतच नाही. एवढाच फरक. पण या फरकावर अख्खा एक धातू उभा आहे.

ॲल्युमिनियम हा खरं तर फार तापट धातू. पाण्याशी, हवेशी लगेच भांडेल असा. तरीही त्यात दूध तापतं, कारण त्याच्यावर हवेतच ऑक्साइडचा एक पापुद्रा बनतो, काही नॅनोमीटर जाडीचा. ओरखडा पडला की तो क्षणात पुन्हा भरतो. पितळेच्या भांड्याला कल्हई लागायची. कल्हईवाला भाता घेऊन गल्लीत बसायचा, नवसागराचा पांढरा धूर काढायचा, कथिलाचा हात फिरवायचा. जर्मलच्या भांड्याला यातलं काही लागत नाही, कारण ते स्वतःची कल्हई स्वतः करून घेतं.

मी ड्रेन क्लीनरनं ती कल्हई विरघळवली. आतला धातू उघडा पडला आणि पाण्याशी भिडला. तो फेस हायड्रोजनचा होता. धातू भराभर विरघळून पाण्यात गेला. धातूत मिसळलेलं लोखंड, सिलिकॉन वगैरे जे अल्कलीत विरघळलं नाही, ते काळ्या भुकटीसारखं पृष्ठभागावर उरलं. बोटाला लागली ती काजळी नव्हती, न विरघळलेला उरलासुरला माल होता.

हे वाचताना दहावीची आणखी एक टीप आठवली. ‘बेयरची पद्धत’. बॉक्साइट, उच्च दाब, सोडियम हायड्रॉक्साइड, अपक्षालन. मी स्वयंपाकघरात जे चुकून केलं तेच एका माणसानं एकशेतीसहून जास्त वर्षांपूर्वी विचार करून केलं होतं, भांड्यावर नाही, दगडावर.

लाल दगड

१८२१ साली फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये पिएर बेर्तिए नावाचा खाणतज्ज्ञ एक लाल दगड तपासत होता. त्याला लोखंडाचं खनिज हवं होतं, आणि दगडाचा रंग तशी आशा लावणारा होता. लोखंड निघालंही, पण दगडात निम्म्याच्या आसपास निघाला ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. दगड ज्या गावाजवळ सापडला त्याचं नाव ले बो, फ्रेंच स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर ‘बॉक्स’. म्हणून पुढे तो बॉक्साइट झाला.

त्या वेळी या शोधाचा कुणाला उपयोग नव्हता, कारण ॲल्युमिनियम धातू जगात कुणी पाहिलेलाच नव्हता. तो १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेडनं पहिल्यांदा वेगळा केला, १८२७ साली जर्मनीत व्यूलरनं. चिमूटभर. त्याचं नाव तुरटीवरून आलं. लॅटिनमध्ये तुरटीला ‘अल्युमेन’ म्हणतात. दाढीनंतर गालाला लावतात ती तुरटी, गढूळ पाण्यात फिरवतात ती तुरटी. धातू सापडण्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणूस त्याचे क्षार वापरत होता.

१८५४ मध्ये फ्रान्सच्या सांत-क्लेर देव्हीलनं सोडियम धातू वापरून ॲल्युमिनियम जरा मोठ्या प्रमाणात बनवलं. पण सोडियमच महाग, त्यामुळे ॲल्युमिनियमची तुलना चांदीशी व्हायची. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला. वजन तीन किलोंहूनही कमी, आणि तो बसवण्याआधी लोकांना बघायला ठेवला होता.

देव्हीलच्या काळातच बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढायची एक पद्धत निघाली होती. ती लुई ल शातलिए या इंजिनिअरची. बारावीला ज्याच्या तत्त्वानं आपल्याला छळलं त्या ल शातलिएचे हे वडील. बॉक्साइट धुण्याच्या सोड्याबरोबर हजार अंशांच्या वर भाजायचं, पाण्यात घालायचं, ॲल्युमिनेट विरघळलं की त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून ॲल्युमिना खाली बसवायचा. पद्धत चालायची, पण इंधन भरपूर लागायचं आणि सोडा हातचा जायचा.

विरजण

आता गोष्ट रशियात जाते, सेंट पीटर्सबर्गला.

कार्ल योझेफ बायर (आपल्या पुस्तकात ‘बेयर’ छापलं होतं) १८४७ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या, आताच्या पोलंडमधल्या बिलित्स गावी जन्मला. ॲस्पिरिनवाल्या बायरशी त्याचा काही संबंध नाही. हायडेलबर्गला बुन्सेनच्या हाताखाली शिकला. बर्नरवाले बुन्सेन. १८७१ साली त्यानं पीएचडी मिळवली ती इंडियम या धातूवर. इंडियम तेव्हा सापडून जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि त्याचा कुणाला काही उपयोग सुचत नव्हता. तुम्ही हा लेख ज्या काचेवर बोट फिरवून वाचत आहात, त्या काचेवर इंडियम आणि कथिलाच्या ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर असतो. हे अर्थात बायरला माहीत असायचं कारण नव्हतं.

१८८० च्या दशकात तो पीटर्सबर्गच्या टेंटेलेव्ह रासायनिक कारखान्यात कामाला होता. त्याला ॲल्युमिना हवा होता, पण धातूसाठी नाही. कापडासाठी.

सुती कापडावर रंग टिकत नाही, ही रंगाऱ्यांची जुनी डोकेदुखी. त्यावर उपाय म्हणजे रंगबंधक: कापड आधी तुरटीसारख्या क्षारात भिजवायचं, मग रंगवायचं. ॲल्युमिनियमचे आयन एका हातानं धाग्याला धरतात, दुसऱ्या हातानं रंगाला. आपल्याकडचा मंजिष्ठेचा पक्का लाल रंग तुरटीच्या जोरावरच बसायचा. रशियातल्या कापड गिरण्यांनाही हेच हवं होतं, आणि लोखंड नसलेलं हवं होतं. लोखंडाचा अंश आला की लाल रंग मळकट होतो.

ॲल्युमिना द्रावणातून बाहेर काढताना मोठी अडचण त्याच्या स्वभावाची होती. घाईनं खाली बसवला तर तो पेजेसारखा, चिकट, बुळबुळीत येतो. गाळायला जावं तर कापड तुंबतं. धुवायला जावं तर सोडा आत अडकून बसतो.

१८८७ च्या सुमारास बायरच्या लक्षात आलं की ॲल्युमिनेटच्या द्रावणात आधी बनलेल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे थोडे कण टाकून ते ढवळत ठेवलं, तर नवा हायड्रॉक्साइड त्या कणांवर चढत जातो आणि छान रवाळ बसतो. वाळूसारखा. सहज गाळता येतो, सहज धुता येतो. कार्बन डायऑक्साइडचीही गरज नाही.

मराठीत याला आधीपासून शब्द आहे. विरजण. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. बायरच्या कारखान्यातही तेच: आज बनलेल्या मालातला काही भाग बाजूला ठेवायचा आणि उद्याच्या द्रावणात घालायचा. याचं पेटंट त्यानं घेतलं आणि १८९२ साली पद्धतीचा पुढचा, खरं म्हणजे आधीचा, अर्धा भाग शोधला. बॉक्साइट भाजायची गरजच नाही. ते दळून बंद भांड्यात कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणाबरोबर दाबाखाली तापवलं की ॲल्युमिना सरळ विरघळतो. प्रेशर कुकरच म्हणा.

म्हणजे अख्खी पद्धत अशी. दळलेलं बॉक्साइट गरम कॉस्टिकमध्ये, साधारण १४० ते २५० अंशांवर, खनिजाच्या प्रकारानुसार. ॲल्युमिना विरघळतो. लोखंड आणि टायटॅनियमची ऑक्साइडं विरघळत नाहीत, लाल गाळ होऊन खाली राहतात. गाळ वेगळा करायचा. स्वच्छ द्रावण थंड करायचं, विरजण घालायचं, एखाद-दोन दिवस ढवळायचं. हायड्रॉक्साइड खाली बसला की तो काढून हजार अंशांवर भाजायचा. पांढरीशुभ्र पूड मिळते. आणि उरलेलं कॉस्टिकचं द्रावण? ते पुन्हा पहिल्या कुकरात.

इंजिनिअर म्हणून मला हे पाहून खरोखर आनंद झाला. किती नीटनेटका लूप आहे! रसायन खर्च होत नाही, फिरत राहतं. तेच द्रावण गरम असताना ॲल्युमिना घेतं, थंड असताना सोडतं. शोधाला एवढी वर्षं होऊनही जगातला ९० टक्क्यांहून जास्त ॲल्युमिना आजही याच पद्धतीनं निघतो. आमच्या क्षेत्रात पाच वर्षं जुना कोड कुणी हातात घ्यायला तयार नसतं.

सोबत घडलेला योगायोग असा, की १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांची माहिती नसताना, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून विजेनं धातू काढायची युक्ती शोधली. दोघंही १८६३ चे, म्हणजे तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, आणि दोघंही १९१४ साली वारले. त्यांच्या भट्टीला अतिशय शुद्ध ॲल्युमिना लागायचा. कारण त्यात लोखंड किंवा सिलिकॉन आलं तर ते ॲल्युमिनियमच्या आधी धातूरूपात उतरतं आणि मग निघता निघत नाही. सगळी सफाई आधीच करावी लागते. कापडाचा लाल रंग मळू नये म्हणून शोधलेली पद्धत याच कामाला नेमकी बसली.

चांदीच्या शेजारी बसणारा धातू वीस वर्षांत बाजारात आला. १८९८ मध्ये मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. धातू अर्थातच बाहेरून यायचा. हलकी, पितळेपेक्षा स्वस्त, कल्हई न लागणारी भांडी. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानाच्या इंजिनातही ॲल्युमिनियम होतं. चाळीसच्या दशकात भारतात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढणं सुरू झालं.

पावसानं धुतलेलं, कॉस्टिकनं धुतलेलं

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी आजीला विचारलं, बॉक्साइट माहीत आहे का?

“बाक्साट? आमच्या सड्यावरनं गाड्या जायच्या की बेळगावला. तुझा बाप ल्हान असताना.”

मी लहानपणापासून त्या वाडीत जाते, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा मी विचारलं नव्हतं.

सह्याद्रीच्या माथ्यावरचे सपाट, खडकाळ सडे आपण फुलांसाठी बघायला जातो. ते जांभ्याचे असतात. जांभा आणि बॉक्साइट सख्खी भावंडं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थर पसरले, त्यांचा काळा बेसाल्ट झाला. मग त्यावर लाखो वर्षं पाऊस पडत राहिला. पावसानं दगडातला सोडा, चुना, मॅग्नेशिया नेला, हळूहळू सिलिकासुद्धा नेली. जे पाण्याला हलवता आलं नाही ते माथ्यावर उरलं: लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोखंड जास्त तिथं जांभा, ॲल्युमिनियम जास्त तिथं बॉक्साइट. कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांत ते आहे, आणि कोल्हापूरच्या डोंगरांतलं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात जात आलं आहे. माझ्या टोपातला धातू आजीच्याच सड्याचा, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही.

पण मला यातली जोडी आवडली. पावसानं सिलिका नेली, लोखंड आणि ॲल्युमिना ठेवलं. बायरच्या कॉस्टिकनं ॲल्युमिना नेला, लोखंड ठेवलं. आणि पहिली धुलाई नीट झाली नसेल तर दुसरी महागात पडते. बॉक्साइटमध्ये चिकणमातीच्या रूपात सिलिका राहिली असेल तर तीही कॉस्टिकमध्ये विरघळते, आणि सोडा व ॲल्युमिना दोन्ही ओढून घेऊन पुन्हा गाळ होऊन बसते. म्हणजे त्या नीटनेटक्या लूपला गळती आहे. थोडा सोडा दर फेरीला गाळाबरोबर निघून जातो.

इथं माझा आनंद जरा कमी झाला. कारण मी तोवर फक्त द्रावणाच्या मागे फिरत होते. गाळाकडे वळलेच नव्हते.

न विरघळलेलं

ढोबळ हिशोब असा: चार टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना, दोन टनांतून एक टन ॲल्युमिनियम. आणि दर टन ॲल्युमिनामागे एक ते दीड टन लाल चिखल. जगभरात दरवर्षी पंधरा कोटी टनांहून जास्त. लाल रंग लोखंडाचा. तो काही विषारी नाही, जांभ्याच्या मातीतलं लोखंडच ते. वाईट आहे ते त्याच्यात राहिलेलं कॉस्टिक. चिखल कितीही टप्प्यांत धुतला तरी सगळा सोडा निघत नाही. सिलिकानं धरून ठेवलेला सोडा तर सावकाश, वर्षानुवर्षं सुटत राहतो. सिमेंटमध्ये, विटांमध्ये हा चिखल वापरायचे प्रयत्न शंभर वर्षं चालू आहेत, थोडा वापरलाही जातो. बाकीचा बांध घालून तळ्यात साठवतात.

४ ऑक्टोबर २०१० रोजी दुपारी हंगेरीतल्या ऑयका गावाजवळच्या ॲल्युमिना कारखान्याच्या अशाच एका तळ्याचा कोपरा फुटला. सहा-सात लाख घनमीटर, नंतरच्या अंदाजांनुसार त्याहूनही जास्त, लाल चिखल आणि कॉस्टिकचं पाणी खाली कोलोंतार आणि देवेचेर या गावांत शिरलं. पीएच तेराच्या आसपास. साबणाच्या पाण्याचा पीएच नऊ-दहा असतो, आणि पीएचमधला प्रत्येक आकडा दसपट असतो.

कॉस्टिक बोटांना बुळबुळीत लागतं. ते बुळबुळीत काय असतं ठाऊक आहे? आपल्याच कातडीवरच्या तेलाचा झालेला साबण. आम्लाचा चटका लगेच कळतो. अल्कली आत झिरपत जाते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दहा माणसं गेली. त्यात पुरतं दीड वर्षाचंही न झालेलं एक मूल होतं. शंभराहून जास्त लोक जखमी झाले. चिखल तोर्ना ओढ्यातून मार्त्साल नदीत गेला आणि त्या नदीतलं सगळं जीवन संपलं. डॅन्यूबपर्यंत पोचण्याआधी पाण्याची तीव्रता उतरावी म्हणून नदीत जिप्सम आणि ॲसिटिक ॲसिड ओतत होते. ॲसिटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. आजीच्या चिंचेचीच युक्ती, एका नदीसाठी.

पाणी ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर आणि झाडांच्या खोडांवर, सगळीकडे सारख्या उंचीवर, एक लाल रेघ राहिली. खटला चालला. २०१६ साली पंधराही आरोपी निर्दोष सुटले, तो निकाल पुढे रद्द झाला, आणि २०१९ मध्ये पुन्हा झालेल्या सुनावणीत काहींना शिक्षा झाली.

मी त्या रेघेचे फोटो बराच वेळ बघत होते. आमच्या ऑफिसात ‘टेक्निकल डेट’ हा शब्द रोज वापरला जातो: आज घाईत केलेलं काम, जे उद्या कुणीतरी निस्तरेल. आम्ही ते हसत म्हणतो, कारण निस्तरणारं कुणीतरी सहसा आपल्याच टीममधलं असतं, आणि जास्तीत जास्त त्याचा वीकेंड जातो. कोलोंतारच्या लोकांनी ना ते तळं बांधलं होतं, ना त्यातलं ॲल्युमिनियम विकलं होतं.

तळं फुटलं याचा दोष मी बायरच्या माथी मारत नाही. त्याच्या काळात काही हजार टनांचा धंदा होता. पद्धत चूक नव्हती, आजही नाही. मला खटकतं ते आपलं सांगणं. दहावीच्या टिपेत शेवटचं वाक्य शुद्ध ॲल्युमिना मिळण्याचं असतं, तिथं गोष्ट संपते. गाळाला त्यात एक वाक्य असतं: अशुद्धी गाळून वेगळी केली जाते. वेगळी करून कुठं ठेवली, किती वर्षं ठेवली, त्या बांधाखाली कोण राहतं, हे कुणी विचारत नाही. त्यावर मार्क नाहीत.

गंमत अशी की बायरच्या त्या फिरत्या द्रावणात एक पाहुणाही साठत जातो. गॅलियम. तोही ॲल्युमिनियमसारखाच उभयधर्मी, म्हणून त्याच्याबरोबर विरघळतो आणि फेरीगणिक वाढत जातो. जगातलं बहुतेक गॅलियम याच द्रावणातून काढतात. तुमचा छोटासा वेगवान चार्जर ‘गॅन’ म्हणजे गॅलियम नायट्राइडचा असेल, आणि फोनच्या फ्लॅशमधल्या एलईडीतही तेच. म्हणजे हा प्रश्न जुन्या भांड्यांचा नाही. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या एका टोकाला अजूनही तोच कुकर आहे, आणि कुकराच्या दुसऱ्या नळीला तोच चिखल.

चिंच

चिंच घालून टोप उकळला. बराचसा काळेपणा गेला. पाणी फेकल्यावर धातू पुन्हा पांढरट चमकला आणि त्याच क्षणी त्यानं हवेतून आपली कल्हईही करून घेतली असणार. पण बुडाशी एका जागी तो पातळ झाला आहे. उजेडासमोर धरला की छिद्र दिसत नाही, तरी बोटानं दाबलं की पत्रा दबतो. तिथला धातू मी ड्रेन क्लीनरच्या पाण्यात विरघळवून सिंकमध्ये ओतला. तेवढाच, काही ग्रॅम असेल.

ते पाणी कुठं गेलं हे मग मी शोधलं. सोसायटीच्या ऑफिसात विचारलं. ऑफिसवाल्या काकांना आधी वाटलं मी तुंबल्याची तक्रार करायला आले. मग त्यांनी मागच्या बाजूचा चेंबर दाखवला, तिथून पुढे लाइन रस्त्याच्या मोठ्या ड्रेनेजला मिळते, पुढचं त्यांना माहीत नव्हतं. पुढचं मला नकाशावर दिसलं. पुण्यात सगळे उतार शेवटी नदीकडेच जातात.

रात्री आजीला फोन करून तेवढं सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं इचारलंस.” आणि मग, “टोप टाकू नगंस. दूध न्हाई तर न्हाई, तांदूळ ठेवायला होतोय.”

आता त्यात तांदूळ आहेत.